मागचे चाक
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आपल्याकडे चाकाला मोठा मान आहे. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले आणि कुरुक्षेत्रावरचा एक अवघड प्रश्न निकालात निघाला. राष्ट्रध्वजाच्या मधोमध चक्र आहे. संसाराच्या गाड्याला दोन चाके असतात, हे तर प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी वडीलधारे सांगतातच. पण चाकावर जे काळे रबर बसवलेले असते, जे स्वतः झिजून आपल्याला घरी पोहोचवते, त्या टायरवर कोणी चार ओळी खरडल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. वार्षिक अंकासाठी ‘पहिला पाऊस’, ‘माझी आई’ आणि ‘रेल्वे स्टेशनवर एक तास’ हे विषय दरवर्षी येतात. संपादक मंडळाने यंदा एक टायर पदरात घ्यावा, एवढीच विनंती. शिवाय नीट पाहिले तर पहिला पाऊस आणि माझी आई हे दोन्ही विषय या टायरच्या गोष्टीत आहेतच.

टायर पल्सर 220 या मोटारसायकलचा, आणि तोही मागचा. गाडी माझ्या थोरल्या भावाची. दादाला चाकणला नोकरी लागली, कंपनीची बस त्याच्या खोलीजवळ येऊ लागली आणि गाडी माझ्याकडे आली. पुढे वारा कापणारे कवच, एकावर एक बसवलेले दोन दिवे, लांबच्या प्रवासात पाठ दुखू नये असे आसन. एके काळी ‘सर्वांत वेगवान भारतीय’ अशी हिची जाहिरात होत असे. आमच्याकडे मात्र तिचे काम वेगाचे नाही. आमचे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याजवळ. रोज खाली चिपळूणला कॉलेजसाठी आणि महिन्यातून एकदा घाट चढून, कोयनानगर, पाटण करत कराडला. कराडची फेरी आईच्या डोळ्यांसाठी.

आईला काचबिंदू आहे. हा आजार चोरपावलांनी येतो. समोरचे दिसत राहते आणि बाजूचे हळूहळू मावळत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली सांभाळायची, म्हणून तपासणी चुकवायची नाही. तुम्ही म्हणाल, मग एस. टी. काय वाईट? एस. टी. वाईट नाही, पण आईला घाटात गाडी लागते. कराडला पोहोचेपर्यंत तिच्यात डॉक्टरांसमोर बसण्याचे त्राण उरत नाही. तोंडावर वारा असला की तिला काही होत नाही. म्हणून ती पदर खोचून, हेल्मेट घालून, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन माझ्या मागे बसते आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवते. घाटातले वळण येत आहे हे तिला माझ्यासारखे आधी दिसत नाही. गाडी कलली की तिला कळते, आणि मग ती माझ्याबरोबर कलते. म्हणजे मागच्या चाकाने काय करायचे ते अचानक करून चालत नाही. त्याने आधी सांगून, हळूच, दर वेळी तसेच केले पाहिजे.

यंदा मे महिन्यात मागचा टायर संपला. टायर संपला हे कसे ओळखायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टायरच्या कडेला कुठेतरी टी.डब्ल्यू.आय. अशी तीन अक्षरे किंवा एक छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत डोकावले की तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा दिसतो. दुचाकीच्या टायरमध्ये त्याची उंची 0.8 मिलिमीटर असते. भोवतालचे रबर झिजून त्या उंचवट्याला येऊन भिडले की टायरची सेवा संपली. आमच्या टायरचा मधला भाग सरळ रस्त्यांवर धावून सपाट झाला होता आणि उंचवटे जवळपास वर आले होते. उन्हाळ्यात कोरड्या डांबरावर असा टायर थोडे दिवस निभावून नेतो. पण पुढे जून होता, आणि कोकणातला जून काही विचारून येत नाही.

दादाने पैसे पाठवले आणि फोनवर सांगितले, “या वेळी 140 घाल. निदान 130 तरी. आई मागे बसते, पकड जास्त पाहिजे.” दादा काही दिखाऊ माणूस नाही. आईच्या काळजीनेच तो बोलत होता. कॉलेजच्या स्टँडवरही हेच मत. आमच्या वर्गातल्या एकाने त्याच्या गाडीला 140 चा टायर बसवून घेतला आहे आणि मधल्या सुट्टीत चार जण त्या टायरभोवती उभे राहून, शेतकरी बाजारात बैलाची वशिंड बघतात तसे, त्याची रुंदी बघत असतात. एकंदरीत मत असे की रुंद तेवढे सुरक्षित. हे ऐकायला इतके सरळ वाटते की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. मला विचारणे भाग होते, कारण त्या टायरवर माझ्या मागे कोण बसणार आहे हे मला ठाऊक होते.

आधी आकड्यांकडे वळतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणित मांडले तर विज्ञानवाल्यांनी रागावू नये. कंपनीने आमच्या गाडीला मागे दिलेले माप 120/80-17. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा शेकड्यात असतो: रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतची रबराची भिंत. 120 चे 80 टक्के म्हणजे 96 मिलिमीटर. शेवटचे 17 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघे एकत्र नांदतात. आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीशी याचे साम्य आहे.

आता 130/70-17 घेतला तर भिंत 91 मिलिमीटर होते. म्हणजे टायर रुंद झाला, पण बुटका झाला. गाडी मागून पाच मिलिमीटर खाली बसते. चाकाचा परीघ साधारण 1960 मिलिमीटरवरून 1928 वर येतो, म्हणजे दीड टक्क्याहून थोडा जास्त घटतो; तेवढ्याच अंतराला चाकाला आणि इंजिनाला तेवढे फेरे जास्त घ्यावे लागतात. ज्या गाडीचा वेगमापक मागच्या चाकावरून चालतो तिथे किलोमीटरचा आकडाही तेवढाच फुगतो. 140/70-17 मध्ये भिंत 98, परीघ सुमारे 1972. उंचीत विशेष फरक नाही, पण रुंदी तब्बल वीस मिलिमीटरने जास्त. ही रुंदी मावणार कुठे? एका बाजूला चेन, दुसऱ्या बाजूला चिमटा, वर मडगार्ड. आमच्या वर्गमित्राला चेनचे कव्हर काढून ठेवावे लागले आहे, आणि पावसाळ्यात त्याच्या पँटच्या पायावर तेलाची नक्षी असते.

इथपर्यंतचे गणित मी वहीत केले. पुढचे मला टायरवाल्या चाचांनी शिकवले. घाटाच्या खाली त्यांचे दुकान आहे. दुकान म्हणजे हवेचा पंप, पाण्याची टाकी, पत्र्याची शेड आणि जुन्या टायरांची उतरंड. मी म्हणालो, “चाचा, 140 बसेल का?” चाचा म्हणाले, “बसवला तर बसेल. पण रिम काय म्हणते ते बघ आधी.” त्यांनी चाक फडक्याने पुसले आणि रिमवर ओतलेले आकडे दाखवले. टायरचे प्रत्येक माप विशिष्ट रुंदीच्या रिमसाठी बनवलेले असते. 140/70-17 ला साधारण साडेतीन इंच किंवा त्याहून रुंद रिम लागते, आणि आमच्या गाडीची रिम त्याहून अरुंद आहे. मग चाचांनी एका जुन्या टायरचा कापलेला तुकडा घेतला, त्याच्या दोन्ही कडा हातांत धरल्या आणि जवळ आणल्या. मधला भाग कासवाच्या पाठीसारखा वर आला.

“हे असे होते,” ते म्हणाले. “रुंद टायर, अरुंद रिम. कडा आवळतात, मध्य वर येतो. पैसे रुंदीचे देतोस आणि कडेचे रबर जमिनीला लागतच नाही.”

मला या एका तुकड्याने जे समजले ते दहा जणांच्या सल्ल्याने समजले नसते. मोटारसायकलचा टायर मोटारीच्या टायरसारखा चपटा नसतो, गोल असतो, कारण मोटारसायकल वळताना कलते. कलताना जमिनीला टेकणारी जागा मध्याकडून कडेकडे सरकत जाते. हा गोलावा टायर बनवणाऱ्याने रिमची रुंदी धरून ठरवलेला असतो. तो आवळला की टायर सरळ चालताना एक आणि कलल्यावर दुसरे असे वागू लागतो. आणि योग्य रिमवर बसवलेला असला तरी रुंद टायरची टेकणारी जागा कलताना जास्त बाजूला जाते, म्हणून तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी थोडी अधिक कलवावी लागते. शर्यतीच्या ताकदवान गाड्यांना रुंद टायर लागतो, कारण इंजिनाचा प्रचंड जोर त्यांना जमिनीला द्यायचा असतो. आमच्या 220 सी.सी.ला तसा जोर नाही आणि कुंभार्ली घाटात तसा जोर लावायला जागाही नाही.

पकडीविषयीचा समजही तपासून बघण्यासारखा आहे. गाडीचे वजन दीडशे किलोच्या वर, मी 62, आई 54, डबा आणि पिशवी धरून एकूण पावणेतीनशे किलोच्या पुढे. दोघे बसल्यावर ढोबळमानाने त्यातले दोन तृतीयांश वजन मागच्या चाकावर येते. आत हवा 32 पौंडांची. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती मोठा असेल हे मुख्यतः वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. तो जेमतेम तळहाताएवढा असतो. टायर रुंद केला म्हणून त्या तळहाताचा सुपाएवढा पसारा होत नाही. तो आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो, एवढेच. शिवाय पावसात रुंद टायरला आपल्या वाटेतले जास्त पाणी बाजूला सारावे लागते. आई माझ्या खांद्यावर जेवढा हात ठेवते, जवळपास तेवढ्याच रबरावर आमचे दोघांचे सगळे ओझे असते, हे कळल्यावर मी हवेच्या दाबाकडे पूर्वीपेक्षा जास्त आदराने बघू लागलो. गाडीच्या पुस्तिकेत मागच्या चाकासाठी एकट्याला 28 आणि दोघांना 32 असे स्पष्ट लिहिले आहे. टायर बदलण्यावर हजारो रुपये खर्चणारे कित्येक जण हा फुकटचा आकडा वाचतही नाहीत.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण सीमांत उपयोगिता शिकतो. पहिली भाकरी भूक भागवते, चौथी नुसती ताटात राहते. 120 वर चढवलेल्या वीस मिलिमीटरची सीमांत उपयोगिता काढायला बसलो तर रस्त्याच्या खात्यावर ती शून्याच्या जवळ येते, किंबहुना उणेही. मग ती आहे कुठे? ती बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 साली लिहिलेल्या पुस्तकात, लोकांना दिसावे म्हणून केल्या जाणाऱ्या खर्चाला एक नावच देऊन ठेवले आहे. आमचे सर त्याला ‘दिखाऊ उपभोग’ म्हणतात. रुंद टायर मागून येणाऱ्याला दिसतो. चालवणाऱ्याला तो दिसत नाही, आणि मागे बसणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की टायर मागून बघणाऱ्यासाठी घ्यायचा की मागे बसणाऱ्यासाठी?

रुंदीचा निकाल लागला, राहिला नावाचा. चिपळूणच्या दुकानात एम.आर.एफ., सीएट, टी.व्ही.एस. युरोग्रिप, अपोलो, मिशेलिन अशी नावे भिंतीवर रांगेने टांगलेली होती. नावांना इतिहास असतो आणि तो मोठा मजेदार असतो. एम.आर.एफ.ची सुरुवात 1946 साली मद्रासला मुलांचे फुगे बनवण्यापासून झाली. सीएट हे नाव मूळचे इटलीतल्या तुरिन शहराचे. 1924 साली तिथे निघालेल्या कंपनीच्या इटालियन नावातली ती आद्याक्षरे, आणि 1958 पासून तिचे बिऱ्हाड आपल्या मुंबईत आहे. पण या सगळ्यांच्या आधीचा इतिहास मला अधिक भावला. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने 1845 सालीच घेतले होते, परंतु ते मागे पडले. मग 1887 साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या, कारण कडक रस्त्यावर पोराला हादरे बसत होते. पुढे त्या शोधावर कारखाने उभे राहिले, शर्यती जिंकल्या गेल्या. पण सुरुवात झाली ती आसनावर बसलेल्या एका जिवाला त्रास होऊ नये म्हणून.

तरीही इतिहास बघून टायर घेता येत नाही. एकाच कंपनीचे चार टायर चार स्वभावांचे असतात. कठीण रबराचा टायर जास्त किलोमीटर जातो, पण ओल्यात कमी धरतो. मऊ रबराचा धरतो चांगले, पण लवकर झिजतो. काही टायरांत मधे कठीण आणि कडेला मऊ असे दोन प्रकारचे रबर असते. परदेशी नावाचा एक सुरेख टायर मीही हातात घेऊन पाहिला. त्याची किंमत ऐकली आणि जसा घेतला तसा अलगद परत ठेवला. रोज कॉलेज आणि महिन्याला एक कराड हा आमचा हिशेब. फार मऊ रबर त्यात दीड वर्षात संपेल, आणि संपलेला चांगला टायर हा नव्या साध्या टायरपेक्षा वाईट असतो.

मग मी दुकानदाराला नाव न विचारता चार गोष्टी विचारल्या. पहिली, नेमके 120/80-17 हेच माप, ट्यूबलेस. दुसरी, त्यापुढचा सांकेतिक आकडा. आमच्या जुन्या टायरवर 61पी होते. 61 म्हणजे तो एक टायर 257 किलोपर्यंत भार पेलू शकतो, आणि पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. यापेक्षा कमी नको होते. तिसरी, जन्मतारीख. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2323 असेल तर 2023 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. रबर दुकानात टांगलेले असतानाही म्हातारे होते. पहिला टायर दाखवला तो तीन वर्षांचा निघाला. दुकानदार म्हणाले, “नवाच आहे, एक किलोमीटरही धावलेला नाही.” मी म्हणालो, “खरे आहे, पण घाटात धावायचे आहे.” ते हसले आणि आतून दोन महिन्यांपूर्वीचा घेऊन आले. चौथी गोष्ट नक्षी. मला मध्यातून कडेकडे पाणी नेणाऱ्या खोल खाचा हव्या होत्या. घाटाच्या आमच्या बाजूला जांभ्याचा लाल चिखल रस्त्यावर वाहून येतो, वर धुके आणि कुजलेली पाने, आणि पलीकडे पाटण ओलांडले की गळितात उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेला पाचोळा आणि काळी माती. आमचा प्रवास एकाच रस्त्यावरचा असला तरी तो तीन प्रकारच्या निसरड्यावरून होतो.

या चार प्रश्नांना भिंतीवरच्या तीन नावांनी होकार दिला. त्यांत जो टायर चाचांच्या दुकानात सर्वांत कमी वेळा फाटून येतो असे चाचांनी सांगितले होते, तो मी घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमची गाडी, तुमचा रस्ता आणि तुमच्या मागे बसणारे माणूस वेगळे आहे. दादाने पाठवलेल्या पैशांतून चौदाशे रुपये उरले. त्यांतून पुढच्या महिन्याचे आईचे डोळ्यांचे थेंब आले.

चाचांनी टायर बसवताना बाणाची दिशा मला दाखवली, कडेला साबणाचे पाणी लावले आणि “शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून, नव्या टायरचा गुळगुळीतपणा जाऊ दे,” असे बजावले. ते किलोमीटर मी कॉलेजच्या रस्त्यावर एकट्याने भरून काढले. आई मागे बसली ती त्यानंतरच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही कराडला निघालो तेव्हा पोफळीपासूनच पाऊस होता. घाटात धुके इतके की समोरच्या ट्रकचे लाल दिवेही मधूनच विझल्यासारखे होत. वळणामागून वळण येत होते. गाडी कलत होती, उभी राहत होती, पुन्हा कलत होती. पूर्वी झिजून सपाट झालेला टायर मध्यावरून कडेवर जाताना एक छोटा धक्का देत असे, आणि त्या धक्क्याबरोबर आईची बोटे माझ्या खांद्यात रुतत. हेळवाकला चहाला थांबलो. आईने हेल्मेट काढले, पदराने चष्मा पुसला आणि विचारले, “रस्ता नवा केला का रे?” मी म्हणालो, “नाही, टायर नवा आहे.” ती म्हणाली, “असेल. आज मला वळणे मोजता आली. एरवी मी नुसती धरून बसते.” ज्या बाईला वळण दिसत नाही तिने ती मोजली, याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोणत्याही कंपनीला मिळणार नाही.

पुढचे चाक दिशा ठरवते, खड्डा पहिल्यांदा तेच झेलते, आणि चालवणाऱ्याची नजर नेहमी पुढे असते. मागचे चाक कोणाच्या नजरेत नसते. इंजिनाचा जोर तेच जमिनीला देते, ओझ्याचा मोठा वाटा तेच उचलते आणि बहुधा पुढच्याच्या आधी तेच झिजते. प्रत्येक घरात असे एखादे मागचे चाक असते. त्याची आठवण आपल्याला ते घसरल्यावर येते. वेळीच वाकून त्याच्या खाचेत डोकावण्याला एक मिनिटही लागत नाही.

गणपतीला दादा आला. गाडीला चक्कर मारून त्याने मागचा टायर पाहिला आणि “120 च?” एवढेच म्हणाला. संध्याकाळी तो आईला मागे बसवून बाजारात गेला, येताना भर पावसात आला. गाडी पडवीत लावली, हेल्मेट खुंटीला अडकवले. रुंदीविषयी काही बोलला नाही. डोके पुसता पुसता त्याने विचारले, “हवा किती ठेवतोस?”

“32,” मी म्हणालो.